बाबांचं पंपिंग नेमकं किती?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वडील ६१ वर्षांचे. पाच महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला. त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. घरी सोडण्याआधीच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३० टक्के आलं. तीन महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी इको केला, तिथे ३८. गेल्या महिन्यात तिसऱ्या ठिकाणी ३३. एक डॉक्टर म्हणतात, छातीत आयसीडी (ठोका भरकटला तर शॉक देणारं यंत्र) बसवून घ्या, उशीर नको. दुसरे म्हणतात, आधी हृदयाचा एमआरआय करू, मग ठरवू. भाऊ वैतागला आहे. तीन तपासण्यांनी तीन आकडे दिले, चौथी चौथा देईल, असं त्याचं म्हणणं. आईला एमआरआयच्या किरणांची भीती वाटते, शिवाय चुंबकामुळे स्टेंट सरकतो असं तिला कोणीतरी सांगितलंय. बाबांना आम्ही आकडा सांगितलेलाच नाही. ‘थोडा अशक्तपणा आहे, औषधांनी भरून येईल’ एवढंच त्यांना माहीत आहे. त्यांना बंद जागेचा त्रास होतो, लिफ्टसुद्धा टाळतात. खरा आकडा कोणता धरायचा? एमआरआय करावा का? आणि बाबांना कारण न सांगता, ‘नेहमीचं स्कॅनिंग’ म्हणून तो उरकता येईल का?

उत्तर:

ताई, तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. तिसरा शेवटी, जाता जाता विचारलाय. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पण आधी त्या तीन आकड्यांकडे बघू, कारण तुमच्या घरातली ओढाताण त्यांच्यावरून चाललेली दिसते. हृदयाच्या एमआरआयचे रिपोर्ट लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे हे आकडे कसे तयार होतात ते मी तुम्हाला आतून सांगू शकते.

पंपिंग, म्हणजे रिपोर्टमधलं ईएफ. हृदयाचा डावा खालचा कप्पा पूर्ण भरलेला असताना त्यात जेवढं रक्त असतं, त्यातला किती हिस्सा एका ठोक्यात बाहेर ढकलला जातो, त्याची ही टक्केवारी. टक्के म्हटलं की आपल्याला परीक्षेतले गुण आठवतात. तुमच्या पत्रातही ‘शंभरातले फक्त तेहतीस’ असं एक वाक्य आहे. ताई, शंभर कोणाचेच नसतात. निरोगी हृदयसुद्धा कप्पा पूर्ण रिकामा करत नाही, ते साधारण ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर टाकतं आणि उरलेलं आत ठेवतं. म्हणजे वडिलांच्या ३३ किंवा ३८ ची तुलना साठाच्या आसपासच्या आकड्याशी करायची. कमी आहे, हे खरंच. पण तुम्ही मनात जेवढं अंतर धरून बसला आहात, तेवढं ते नाही.

आता पहिला आकडा, ३०. तो बाजूला ठेवा. अटॅकच्या वेळी ज्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो स्नायू रक्त पुन्हा सुरू झाल्यावर लगेच हलायला लागत नाही. जिवंत असतो, पण बधिर झालेला असतो. त्याला जाग यायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. म्हणूनच आयसीडीचा निर्णय घेताना अटॅकनंतर किमान ४० दिवस, आणि अँजिओप्लास्टी झाली असेल तर साधारण तीन महिने औषधं नीट चालू ठेवून मग पंपिंग पुन्हा मोजतात. अटॅकच्या आठवड्यातला ३० हा त्या आठवड्याचा होता. ‘३० चं ३८ झालं, म्हणजे सुधारतंय’ आणि ‘३८ चं ३३ झालं, म्हणजे बिघडतंय’ अशी जी चढउताराची गोष्ट तुम्ही मांडलीत, तिचा पहिला अर्धा भाग बराचसा खरा असू शकतो. दुसऱ्या अर्ध्याबद्दल मला शंका आहे.

त्यासाठी एक छोटा हिशेब करू. समजा, वडिलांच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या अवस्थेत २०० मिलिलिटर रक्त मावतं. अटॅकनंतर कप्पा थोडा मोठा होतो, त्यामुळे हा आकडा अवास्तव नाही. आकुंचनानंतर आत १२४ मिली उरलं, तर बाहेर पडलं ७६, म्हणजे ३८ टक्के. आत १३४ मिली उरलं, तर बाहेर पडलं ६६, म्हणजे ३३ टक्के. दोन रिपोर्टमधला फरक आहे १० मिलीचा. औषधाच्या बाटलीबरोबर पाच मिलीचा छोटा चमचा येतो ना, तसे दोन चमचे. धडधडणाऱ्या हृदयात, बरगड्यांच्या फटीतून, ध्वनिलहरींनी मोजताना दोन चमच्यांचा फरक पडला तर त्याला बिघाड म्हणता येत नाही, आणि कोणाचा हलगर्जीपणाही म्हणता येत नाही.

इकोचं काम कसं चालतं ते पाहिलंत की हे पटेल. तपासणारा प्रोब टेकवून हृदयाचे दोन छेद घेतो, एकमेकांना काटकोनात. त्या दोन चित्रांत कप्प्याची आतली कड आखायची. मग संगणक असं धरून चालतो की हा कप्पा चकत्या एकावर एक रचल्यासारखा आहे, आणि त्यावरून रक्ताचं आकारमान काढतो. कप्पा अंड्याच्या आकाराचा आणि सगळीकडून सारखा आकसणारा असेल तर हा अंदाज छान जमतो. पण अटॅक येऊन गेलेल्या हृदयात एक भिंत जोरात हलते, दुसरी निपचित असते, कधी टोकाकडचा भाग बाहेर फुगतो. नेमकं ते टोकच प्रोबच्या कोनामुळे कापलं जातं आणि कप्पा आहे त्यापेक्षा आखूड दिसतो. फुप्फुस किंवा बरगडी मध्ये आली तर कड धूसर होते. त्यामुळे एकाच हृदयाचे दोन जागी दोन इको केले आणि पाच ते दहा टक्क्यांचं अंतर पडलं, तर ते रोजचंच आहे. इको वाईट तपासणी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. झडपा कशा चालतात, दाब किती आहे, अंगात पाणी साठलंय का, हे ती खाटेपाशी दहा-पंधरा मिनिटांत सांगते, आणि पुढेही बाबांना तीच सगळ्यात जास्त वेळा लागणार आहे. फक्त दोन चमच्यांवरून वाद असेल तर तो मिटवायला ती पुरत नाही.

एमआरआयमध्ये आकाराचा अंदाजच करावा लागत नाही. छातीवर ईसीजीचे पॅच लावतात, म्हणजे यंत्राला प्रत्येक ठोका कळतो. मग झडपेपासून टोकापर्यंत कप्प्याचे दहा-बारा आडवे काप घेतात, प्रत्येक काप साधारण आठ मिलिमीटर जाडीचा. प्रत्येक कापाची एक छोटी फिल्म बनते, एका ठोक्याची, वीस-तीस चित्रांची. रक्त पांढरं दिसतं, स्नायू काळसर. कप्पा सगळ्यात मोठा असतानाच्या चित्रावर आणि सगळ्यात लहान असतानाच्या चित्रावर आतली कड आखायची, क्षेत्रफळ गुणिले जाडी, आणि सगळ्या कापांची बेरीज. फुगवटा असला तर तोही मोजला जातो, कारण तो कुठल्या ना कुठल्या कापात येतोच. उजवा कप्पा तर इकोला नीट सापडतच नाही, तोही असाच मोजता येतो. म्हणून हृदयाचं आकारमान आणि पंपिंग मोजण्याच्या बाबतीत जगभर एमआरआयलाच मापदंड मानतात.

तरी तुमच्या भावाचा प्रश्न मी उडवून लावणार नाही, कारण एमआरआयचा आकडाही कोणाच्या तरी हातून तयार होतो. मधले काप सोपे असतात. पांढऱ्या वर्तुळात स्नायूंचे दोन काळे ठिपके दिसतात, झडपेच्या दोऱ्या ओढून धरणारे. ते रक्तात धरायचे की स्नायूत, हे एकदा ठरवायचं आणि तसंच पाळायचं. खरी अडचण सगळ्यात वरच्या कापात येते, झडपेजवळ. हृदय आकसताना त्याचा वरचा भाग एक-सव्वा सेंटिमीटर खाली सरकतो. काप मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे त्याच कापात पहिल्या चित्रात डावा खालचा कप्पा असतो आणि दहा चित्रांनंतर त्याच जागी वरचा कप्पा येऊन बसलेला असतो. मी ती फिल्म पुढे-मागे करत राहते, शेजारी उभा छेद उघडून झडपेची रेघ कुठे आहे ते बघते, भिंत जाड आहे की पातळ ते बघते. त्या एका कापात दहा-पंधरा मिली रक्त सहज असतं. तो चुकून धरला किंवा चुकून सोडला, तर तुमचे दोन चमचे तिथेच इकडचे तिकडे होतात. आता सॉफ्टवेअर कड आखून देतं, पण या कापावर माणसानं नजर फिरवावीच लागते. पडताळा घेण्याची एक चांगली सोयही आहे. एमआरआयवरच महाधमनीतून एका ठोक्याला किती रक्त गेलं ते वेगळं मोजता येतं. कोणतीही झडप गळत नसेल तर ते आणि कप्प्यातून निघालेलं रक्त जुळायला हवं. जुळलं नाही तर मी माझ्या रेघा पुन्हा तपासते.

तेव्हा भावाला सांगा की चौथा आकडा येईल हे खरं, पण तो आधीच्या तिघांच्या रांगेत उभा करायचा नाही. चांगल्या हातांनी केलेल्या एमआरआयमध्ये दोन-तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतात, इकोइतके नाहीत. आणि पुढच्या वर्षी इको केलात तर तो मागच्या इकोशी ताडून बघा, एमआरआयशी नको. शक्यतो जागाही तीच ठेवा.

आता मूळ मुद्दा. पंपिंग किती, हे कळून करायचं काय? तुमच्या बाबतीत त्यावर एक ठोस निर्णय अडलाय, आयसीडीचा. हे यंत्र कॉलरबोनखाली बसवतात. हृदयाचा ठोका अचानक जीवघेण्या गतीनं भरकटला, तर ते आतून शॉक देऊन तो जाग्यावर आणतं. पंपिंग त्यानं वाढत नाही, हे घरी सगळ्यांना स्पष्ट सांगा, कारण हा गैरसमज मी फार ठिकाणी पाहिला आहे. अटॅकनंतर पंपिंग ३५ किंवा त्याखाली राहिलं आणि धाप लागणं वगैरे लक्षणं असली तर डॉक्टर हे यंत्र सुचवतात. वडिलांचे दोन आकडे, ३८ आणि ३३, नेमके या रेघेच्या दोन बाजूंना पडलेत. दोन डॉक्टरांची मतं वेगळी का, याचं उत्तर इथे आहे. ते एकमेकांना खोटं पाडत नाहीयेत.

या ३५ च्या रेघेबद्दल एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. आयसीडीनं जीव वाचतात हे ज्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं, त्यातली मॅडिट-दोन २००२ सालची, त्यात ३० आणि त्याखालचे रुग्ण होते. एससीडी-हेफ्ट २००५ ची, तिच्यात ३५ आणि त्याखालचे. त्या काळी पंपिंग मोजलं गेलं ते इकोवर, न्यूक्लिअर स्कॅनवर किंवा अँजिओग्राफीच्या वेळी. म्हणजे ही रेघच ढोबळ मापानं आखलेली आहे. एमआरआयवर ३६ आलं म्हणून सुटलो आणि ३४ आलं म्हणून संपलं, असं मनात धरू नका. रेघेच्या अगदी जवळ आकडा आला तर चांगला डॉक्टर बाकीच्या गोष्टी बघेल. आणि या बाकीच्या गोष्टी दाखवण्यातच, माझ्या मते, वडिलांना एमआरआयचा आकड्यापेक्षाही जास्त उपयोग होईल.

हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात फरक उठून दिसावा म्हणून दिलं जाणारं औषध, देतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चित्रं घेतात. निरोगी स्नायू काळा दिसतो, अटॅकमध्ये मेलेला आणि व्रण धरलेला भाग पांढरा. अटॅकचा व्रण आतल्या थरापासून सुरू होऊन बाहेर पसरतो. भिंतीच्या जाडीचा थोडाच हिस्सा पांढरा असेल तर त्या भागात जीव आहे, रक्तपुरवठा आणि औषधं मिळाली की तो पुन्हा हलू शकतो. अर्ध्याहून जास्त जाडी पांढरी झाली असेल तर आशा कमी. रेमंड किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे अगदी स्वच्छ दाखवलं, आणि तेव्हापासून आम्ही भिंतीतला पांढरा पट्टा मोजत आलोय. म्हणजे ‘पंपिंग वाढेल का?’ या प्रश्नाच्या जास्तीत जास्त जवळ जाणारं उत्तर या चित्रांत असतं. शिवाय जीवघेणे ठोके बहुधा व्रणाच्या काठावरून उठतात, त्यामुळे व्रण किती मोठा आहे हे आयसीडीच्या चर्चेतही कामाचं. हृदयाच्या टोकाशी रक्ताची गाठ धरली असेल आणि ती इकोत निसटली असेल, तर ती इथे सापडते. तसं झालं तर रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा बेतच बदलतो.

म्हणून माझं मत सांगते. एमआरआय करा, आणि आयसीडी बसवायचा असेल तर तो बसवण्याआधी करा. आजकालच्या बऱ्याच आयसीडींवर एमआरआय चालतो, पण डाव्या छातीतल्या त्या धातूच्या डबीमुळे समोरचंच हृदय चित्रात काळ्या सावलीखाली जातं. ही संधी नंतर इतकी चांगली मिळत नाही. मात्र तारीख लांबची मिळत असेल आणि मधल्या काळात बाबांना चक्कर येऊन शुद्ध हरपली, किंवा विनाकारण छातीत जोरात फडफड होऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर एमआरआयची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणखी एक, जे तुमच्या पत्रात नाही. बाबांची औषधं पुरेशा मात्रेत पोचली आहेत का? अशक्त हृदयासाठी चार गटांची औषधं वापरतात, ती हळूहळू वाढवत नेतात, आणि त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला महिने लागतात. रक्तदाब कमी असतो, चक्कर येते, म्हणून कधी कधी सुरुवातीच्याच छोट्या डोसवर गाडी अडून राहते. पुढच्या भेटीत हे थेट विचारा. मात्रा अजून वाढवायची राहिली असेल, तर डॉक्टर कदाचित आधी ती वाढवतील आणि मग मोजतील.

आईच्या दोन्ही शंकांना सोपी उत्तरं आहेत. एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतात, चुंबक आणि रेडिओ लहरी असतात. स्टेंट धमनीच्या भिंतीत दाबून बसवलेला असतो आणि आजचे स्टेंट चुंबकानं ओढले जात नाहीत. ते बसवल्यावर लगेचसुद्धा एमआरआय करता येतो, वडिलांना तर पाच महिने झालेत. स्टेंटचं कार्ड मात्र बरोबर न्या. चुंबक खरोखर ताकदवान असतो, दीड टेस्लाचं यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट, त्यामुळे आधी भरून घेतात तो फॉर्म नीट भरा. डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, कानात इम्प्लांट आहे का, मेंदूत क्लिप आहे का, हे प्रश्न नुसती औपचारिकता नाहीत. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट ठेवा. मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर कॉन्ट्रास्ट कुठलं आणि द्यायचं का, याचा विचार करावा लागतो.

आता तिसरा प्रश्न. बाबांना न सांगता उरकता येईल का?

तुमच्या मनात काय आहे ते मला दिसतं. आकडा कळला की ते खचतील, आणि खचले की तब्येत आणखी उतरेल. पाच महिने तुम्ही हे एकटीनं सांभाळलंत, त्यात प्रेमाशिवाय दुसरं काही नाही. पण ही तपासणी निजलेल्या माणसावर करायची नसते, त्याच्याबरोबर करायची असते. प्रत्येक काप घेताना कानात सूचना येते, श्वास घ्या, सोडा, आता थांबा. श्वास सोडून, आठ ते पंधरा सेकंद छाती अजिबात हलवायची नाही. असं वीस-पंचवीस वेळा, पाऊण तास ते तासभर, बोगद्यात पडून, मोठमोठ्या ठकठक आवाजात. एका कापाची फिल्म अनेक ठोक्यांतून तुकड्या-तुकड्यांनी जमवलेली असते. मध्येच श्वास हलला तर ते तुकडे जुळत नाहीत.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते, साधारण तुमच्या वडिलांच्या वयाचे. मुलानं आत येऊन टेक्निशियनला हळूच सांगितलं, ‘त्यांना हृदयाचं आहे असं बोलू नका, पाठीचा स्कॅन म्हणून आणलंय.’ मी काचेपलीकडे बसले होते. ‘श्वास सोडा, थांबा’ म्हटलं की ते घाबरून श्वास आत ओढत. पाठीसाठी श्वास कशाला रोखायचा, हे त्यांना उमगेना. प्रत्येक वेळी छाती वेगळ्या उंचीवर थांबे. पडद्यावर कप्प्याची भिंत दुहेरी दिसत होती, एक खरी आणि तिच्याशेजारी तिची सावली. त्यावर कड आखणं शक्यच नव्हतं. वीस मिनिटांनी त्यांनी मदत मागण्यासाठी हातात दिलेला फुगा दाबला. बाहेर आल्यावर ते टेबलावर उठून बसले, शर्टाच्या गुंड्या लावत राहिले, आणि मुलाकडे न बघता मला म्हणाले, ‘मला काय झालंय ते कोणीतरी सांगा. मी लहान मूल नाही.’ त्या दिवशी तपासणी झाली नाही. मुलाशी मी बराच वेळ बोलले. दोन आठवड्यांनी ते पुन्हा आले, सगळं माहीत होऊन. यंत्र तेच, बोगदा तोच. एकही काप पुन्हा घ्यावा लागला नाही.

आणि समजा चित्रं निघाली, आकडा ३४ आला. पुढे काय? बाबांच्या छातीत यंत्र बसणार, ते कधीतरी शॉक देणार, दर काही वर्षांनी त्याची बॅटरी संपणार. ते त्यांच्या संमतीशिवाय कसं बसवाल? आकडा त्यांना कधी ना कधी कळणारच आहे. बोगद्याच्या तोंडाशी, अनोळखी माणसाकडून कळण्यापेक्षा घरी, तुमच्याकडून कळू दे.

काय बोलायचं हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. मी तुमच्या जागी असते तर असं बोलले असते: ‘बाबा, अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा एक भाग दुखावला. त्यामुळे हृदय रक्त कमी ढकलतंय. किती कमी, त्यावर दोन डॉक्टरांचं एकमत होत नाहीये. ते नीट मोजायला ही तपासणी आहे. त्यावरून एक यंत्र बसवायचं का, ते ठरेल, आणि ते तुम्ही ठरवायचं.’ मग गप्प राहा. त्यांना विचारू द्या. आकडा विचारला तर आकडा सांगा, आणि निरोगी हृदयाचाही शंभर नसतो हे लगेच जोडून सांगा. इतके दिवस का लपवलंत असं विचारलं, तर ‘आम्ही घाबरलो होतो’ एवढं खरं उत्तर पुरेल. दादालाही त्या वेळी जवळ बसवा, म्हणजे दोघांच्या दोन गोष्टी व्हायच्या नाहीत.

बंद जागेची भीती खरी असते, तिला ‘काही होत नाही हो’ म्हणून उडवू नका. काही यंत्रांचा बोगदा ६० सेंटिमीटर रुंद असतो, काहींचा ७०. फोन करून विचारा आणि रुंद असेल तिथे जा. दहा सेंटिमीटरनं खांद्यांना फार मोकळं वाटतं. तपासणीच्या आधी एकदा नुसतं जाऊन यंत्र बघू द्या म्हणावं, बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. बोगदा दोन्ही बाजूंनी उघडा असतो, आत दिवा आणि हवा असते, टेक्निशियनचा आवाज सारखा कानात असतो, आणि हातातला फुगा दाबला की टेक्निशियन टेबल बाहेर काढतो, हे त्यांना आधी माहीत असू दे. आत जाण्याआधीच डोळ्यांवर रुमाल ठेवला तर बऱ्याच जणांना सोपं जातं. मन शांत करणारी सौम्य गोळी डॉक्टर देऊ शकतात, पण गुंगी येईल इतकी नको, नाहीतर श्वासाच्या सूचना पाळता येत नाहीत. आणि सपाट झोपल्यावर बाबांना धाप लागते का, उशा वाढवाव्या लागतात का, हे आधीच सांगा. तसं असेल तर आधी औषधांनी पाणी उतरवतात आणि मग तपासणीला घेतात.

या निमित्तानं, थोड्या वेगळ्या कारणानं हेच पत्र लिहू शकणाऱ्या वाचकांसाठीही. कर्करोगाच्या काही औषधांनी हृदयाचं पंपिंग उतरू शकतं. तिथे उपचारांच्या आधीचा आकडा हातात असणं आणि नंतर त्याच पद्धतीनं मोजणं सगळ्यात मोलाचं, नाहीतर खरी घसरण आणि मापातला फरक वेगळे करता येत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलांमध्ये वारंवार रक्त चढवल्यानं हृदयात लोह साठतं, आणि पंपिंग बराच काळ चांगलं दिसत राहतं. तिथे आकड्यावर विसंबू नका. एमआरआयवर टी-टू-स्टार नावाचं एक माप काढतात, ते २० मिलिसेकंदांखाली गेलं तर लोह साठायला लागलंय, १० खाली गेलं तर प्रकरण गंभीर. झडप जोरात गळत असेल तर उलट फसगत होते. रक्त मागच्या मागे निसटत असतं, कप्पा रिकामा होत असतो, आणि पंपिंग ६० दिसतं. आणि ज्यांच्या ठोक्यांची लय कायमच अनियमित आहे, त्यांनी तपासणीची वेळ घेतानाच ते सांगावं, कारण चित्रं घेण्याची पद्धत त्यानुसार बदलावी लागते.

ताई, बाबांशी बोलून झालं की एक काम आजपासून करता येईल. त्यांना पाठीवर आरामात झोपवा. श्वास घ्या म्हणा, मग सावकाश सोडा, आणि सोडलेल्या अवस्थेत थांबा. पोटावर हात ठेवायला सांगा, म्हणजे हललं तर त्यांचं त्यांना कळेल. पहिल्या दिवशी सहापर्यंतच मोजा, आठवड्याभरात बारापर्यंत जा, दम लागला तर तिथेच सोडा. दिवसातून चार-पाच वेळा. मोजायला शेजारी तुम्ही बसा, आणि यंत्रात येतात त्याच शब्दांत सांगा: श्वास घ्या, सोडा, थांबा.